कपबशी, ढग आणि वाटाण्याचे रोप

छायाचित्रणाचा इतिहास सांगायला बसले की बहुतेक लेखक कॅमेऱ्याचा इतिहास सांगून मोकळे होतात. १८३९ साली पॅरिसला दागेरची कृती जाहीर झाली, मग ओल्या काचा आल्या, मग कोरड्या आल्या, मग फिल्म आली, रंग आले आणि आता तर कॅमेरा टेलिफोनच्या पोटात जाऊन बसला आहे. ही वंशावळ आपल्या कानांवरून पुष्कळदा गेलेली असते. ती खोटी नाही. परंतु गाण्याचा इतिहास म्हणून कुणी तंबोऱ्याच्या भोपळ्याचा इतिहास सांगू लागला तर श्रोते जसे चुळबुळ करू लागतील, तशी माझी ही वंशावळ ऐकताना चुळबुळ होते. गळा कसा तयार झाला, हे कुणी सांगावे की नाही? छायाचित्रकाराच्या बाबतीत गळ्याच्या जागी डोळा. तो डोळा कसा तयार झाला, त्याचा रियाज कुणी, कुठे आणि कशावर केला, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांत एक शेतकरी आहे, एक फसलेला नट आहे, एक छापखानेवाला आहे आणि काही नावाजलेले कलावंत आहेत. एकाचा दुसऱ्याशी फारसा संबंध नाही. तथापि एक गोष्ट सर्वांत समान होती. प्रत्येकाने, कुणी सांगितले नसताना, स्वतःलाच एक पाठ घालून घेतला. विषय एकच आणि बहुधा क्षुल्लक, नियम कडक, मुदत लांब. पहिलवान पहाटे जोर काढतो तेव्हा समोर जोडीदार नसतो की आखाड्याभोवती प्रेक्षक नसतात. यांचेही काम तसेच. बक्षिसाची तर गोष्टच नको.

आरंभीच्या काळात असा पाठ मुद्दाम घालून घ्यावा लागत नव्हता. काचेवर कलोडियन ओतायचे, ती काच अंधारात रुप्याच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, चित्र घ्यायचे आणि ती वाळण्यापूर्वी काळोख्या तंबूत धुवून काढायची. सारा खेळ काही मिनिटांचा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हौशी लोक तीत आले, तेव्हा आपल्याकडचे ऊन हा त्यांच्यापुढचा आणखी एक अडथळा होता. विलायतेपेक्षा येथे काच लवकर सुकते. एका चित्रामागे इतकी यातायात असल्यावर माणूस आधी दहा वेळा पाहतो, मगच काच भिजवतो. यंत्र हेच गुरुजी होते आणि ते छडी घेऊनच बसलेले होते.

ही छडी १८८८ साली जॉर्ज ईस्टमनच्या कोडॅक कॅमेऱ्याने काढून घेतली. शंभर चित्रांची गुंडाळी आत घालूनच हा कॅमेरा विकला जाई. शंभर चित्रे झाली की आख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा, बाकीचे सर्व तेथे होई. १९०० साली त्याच कंपनीचा ब्राउनी कॅमेरा निघाला, तोही एका डॉलरला. शाळकरी पोरेही चित्रे घेऊ लागली. ही मोठीच गोष्ट झाली, यात संशय नाही. परंतु छडी गेली तशी शाळाही सुटली. आता ज्याला शिकायचे होते त्याला आपल्या वाटेत आपणच एखादी आडकाठी घालून घेणे भाग पडले. मी ज्या माणसांची हकीकत सांगणार आहे ती या आडकाठीची हकीकत आहे.

तिचा पहिला मोठा नमुना कोडॅकच्याही तीन वर्षे आधीचा आहे. अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानात जेरिको नावाचे खेडे आहे. तेथे १८६५ साली जन्मलेला विल्सन बेंटली हा शेतकऱ्याचा मुलगा. आई पूर्वी शिक्षिका होती. पंधरा वर्षांचा झाला तेव्हा तिच्याकडून त्याला एक सूक्ष्मदर्शक मिळाला आणि या पोराने त्याखाली काय धरावे? हिमाचे कण! त्या षट्कोनी नक्षीने त्याला असे वेड लावले की तो एकेक कण पाहून चित्र काढू लागला. परंतु चित्र पुरे होण्यापूर्वीच कण वितळे. अखेरीस घरच्यांनी कॅमेरा आणून दिला. बापाला या उद्योगात काही राम दिसत नव्हता, तरीही दिला. बऱ्याच खटपटीनंतर १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र त्याला साधले.

त्याची रीत पहा. बिनशेगडीच्या, गोठलेल्या खोपटात उभे राहायचे. दाराबाहेर काळी फळी धरून तीवर कण झेलायचे. त्यांतला एखादा अभंग कण लाकडाच्या बारीक काडीने अलगद उचलून काचपट्टीवर ठेवायचा, पिसाने हलकेच बसवायचा आणि हे सर्व श्वास रोखून; कारण तोंडची वाफ लागली की खेळ संपला. पुढे निगेटिव्हच्या दुसऱ्या प्रतीवर कणाच्या कडेकडेने चाकूने खरवडून पार्श्वभूमी काळी करायची. एका कणामागे तासन्‌तास जात. आणि हे किती वर्षे? जवळजवळ सत्तेचाळीस हिवाळे. पाच हजारांहून अधिक कण त्याने टिपले आणि एकासारखा दुसरा सापडला नाही, असे जगाला सांगितले. १९३१ साली त्याचे पुस्तक निघाले, त्यात दोन हजारांवर चित्रे होती. त्याच वर्षी डिसेंबरात, हिमवादळातून पायी घरी आल्यानंतर न्यूमोनियाने तो गेला. गाई पिळणाऱ्या या माणसाने आपल्याला काय शिकवले? विषय बदलत राहिल्यानेच नवे दिसते, हा समज त्याने खोटा ठरवला. तो एकाच विषयावर उभा राहिला आणि नवेपण पाच हजार वेळा त्याच्या फळीवर येऊन पडले.

पॅरिसचा यूजीन अत्जे हा याच्या अगदी उलट दिसतो. परंतु जात एकच. १८५७ चा जन्म, लहानपणीच पोरका, काही दिवस जहाजावर, मग फिरत्या नाटकमंडळीत दुय्यम नट. नाट्यकला सोडावी लागली, चित्रकला जमेना. शेवटी तो छायाचित्रांकडे वळला आणि चित्रकारांना नमुन्यादाखल लागणारी चित्रे पुरवण्याचा धंदा त्याने थाटला. कुणाला झाड हवे, कुणाला जिना, कुणाला घोडागाडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्याच्या मनाने वेगळेच घेतले. जुने पॅरिस पाडले जात होते; जे उरले आहे ते सर्व आपण टिपायचे, असे त्याने ठरवले. धंदा सुटला नाही, तथापि धंद्यापेक्षा संकल्प मोठा झाला.

जड लाकडी कॅमेरा, तिकाटणे आणि अठरा बाय चोवीस सेंटिमीटरच्या काचांची पेटी असे ओझे घेऊन हा पहाटे निघे. रस्त्यावर माणसे नसताना, उजेड कोवळा असताना काम करी. दुकानांच्या पाट्या, दारांच्या कड्या, जिन्यांचे कठडे, चिंध्या वेचणाऱ्यांच्या झोपड्या, गाड्यांचे प्रकार, शहराची तटबंदी अशा एकेका विषयाची त्याने वेगळी वही केली. आयफेल टॉवरकडे मात्र जवळजवळ पाठच फिरवली. तीस वर्षांत आठ हजारांवर काचा झाल्या. १९२० साली त्यांतल्या २,६२१ काचा त्याने फ्रेंच सरकारच्या पुराणवास्तू खात्याला दहा हजार फ्रँकांना विकल्या. हाती पैसे आले तेव्हा त्याचे वय त्रेसष्ट. त्याने काय केले असेल? पुन्हा तोच कॅमेरा उचलून तो सेंट-क्लूच्या आणि सोच्या उजाड बागांत गेला आणि तीच झाडे, तीच तळी, निरनिराळ्या ऋतूंत, निरनिराळ्या प्रहरी पुनःपुन्हा टिपू लागला. ती चित्रे मला सर्वांत मोठी वाटतात. तीस वर्षे यादी करणाऱ्या माणसाची यादी संपली आणि पाहणे तेवढे शिल्लक राहिले. १९२६ साली मॅन रे याने त्याचे एक चित्र अतिवास्तववाद्यांच्या मासिकावर छापले, तेव्हा आपले नाव घालू नका, असे अत्जेने बजावले. ही केवळ कागदपत्रे आहेत, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी तो वारला. बेरेनिस अ‍ॅबट या तरुण छायाचित्रकर्तीने मागे राहिलेल्या काचा आणि छापे विकत घेऊन जपले, म्हणून आज त्याचे नाव आपण घेतो.

अत्जे पॅरिसच्या गल्ल्यांतून हिंडत होता, त्याच काळात मुंबईत एक मराठी माणूस एका कुंडीसमोर कॅमेरा लावून बसला होता. धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव काढले की आपल्याला एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. त्या चित्रपटाआधी त्यांनी एक छोटासा पाठ स्वतःला घालून घेतला होता, त्याची आठवण फारशी होत नाही. दादासाहेब जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. गोध्र्याला फोटोचे दुकान काढून पाहिलेले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केलेली, मग छापखान्यात पडलेले. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर यावेत या ध्यासाने ते झपाटले. पाहण्याचा आणि अभ्यासाचा एवढा ताण डोळ्यांवर घेतला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आल्यावर १९१२ च्या आरंभी ते विलायतेला गेले, तेथे या विद्येची माहिती करून घेतली आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवण्याची व्यवस्था करून परतले.

कॅमेरा हाती आला, पण चित्रपटाला लागणारे भांडवल कोण देणार? अशा वेळी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यापुढे कॅमेरा रोवला. रोज थोडी थोडी फिल्म घेत गेले. महिन्याभरात बीज फुटले, कोंब वर आला, रोप वाढले. आणि ही सारी वाढ पडद्यावर एखाद्या मिनिटात डोळ्यांपुढून सरकू लागली. ‘अंकुराची वाढ’ असे या चित्राचे नाव सांगतात. ते पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले ते वेगळे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमाटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या वाटाण्याकडे आपण नुसती सावकाराला दाखवायची क्लृप्ती म्हणून पाहतो. मला त्यात अधिक काही दिसते. हाताने फिरवण्याच्या त्या कॅमेऱ्यात वेळ म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर वाटाण्याहून चांगला शिक्षक कोणता? कॅमेरा तसूभर हलला तर रोप पडद्यावर उडी मारणार. उजेड रोज निराळा पडला तर चित्र लुकलुकणार. एक दिवस चुकला तर कोंबाची एक चाल कायमची हरवणार. नट नाही, देखावा नाही, पौराणिक कथा नाही. बीज, माती आणि महिनाभराची शिस्त. ज्याला पडद्यावर तारामतीला रडवायचे होते, त्याने आधी वाटाणा वाढवून दाखवला, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर हाच मार्ग एका नामांकित कलावंताने धरला. एडवर्ड स्टायकन हा तोवर चित्रकार आणि छायाचित्रकार अशा दोन्ही नात्यांनी गाजलेला होता. युद्धात अमेरिकी सैन्याकडून विमानातून छायाचित्रे घेण्याच्या कामावर तो मोठा अधिकारी होता. विमानातून घेतलेल्या चित्राला सुंदर असून चालत नाही, स्पष्ट असावे लागते. युद्ध संपल्यावर फ्रान्समधील व्हुलांझी गावच्या आपल्या घरी तो आला, तो आपल्या जुन्या धूसर, स्वप्नाळू चित्रांवर रुसूनच. रंगवलेली चित्रे त्याने बागेत होळी करून जाळली. आणि मग या चाळिशी ओलांडलेल्या माणसाने प्राथमिक शाळेत नाव घातले. एक पांढरी कपबशी घेतली; मागे शुभ्रापासून राखाडीतून काळ्या मखमलीपर्यंत जाणारी छटांची पट्टी ठेवली; आणि त्या कपबशीची हजारावर छायाचित्रे घेतली.

हजार! प्रथम वाचले तेव्हा मला ही कलावंताची लहर वाटली. मग घरातली पांढरी चिनी मातीची कपबशी खिडकीपाशी ठेवून पाहिली. अर्ध्या तासात कळले की पांढऱ्या वस्तूत पांढरे असे जवळजवळ काहीच नसते. खिडकीकडची कड निळसर, भिंतीकडची पिवळसर, कानाखाली करडा डाग आणि बशीच्या खोलगट भागात कपाचीच अंधूक सावली. पांढऱ्या कागदापुढे ठेवली तर कप नाहीसाच होतो, उरते ती सावलीची एक रेघ. काळ्या कापडापुढे तोच कप चंद्रासारखा उगवतो. कपाला स्वतःचा असा रंग नाही, त्याला शेजार आहे. हे वाक्य पुस्तकात वाचून कळत नाही. स्टायकनने विषयातली सारी गंमत काढून टाकली, ती प्रकाशाची गंमत मोकळी व्हावी म्हणून. पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि त्याने काढलेल्या नटनट्यांच्या व्यक्तिचित्रांनी तेथली मासिके गाजली. त्या चेहऱ्यांवरचा उजेड कपबशीच्या शाळेतून आला होता, असे म्हणायला मी धजतो.

त्याचा एके काळचा ज्येष्ठ स्नेही आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याच्या पाठामागे मात्र थोडा रागही होता. स्टीग्लिट्झ तेव्हा अट्ठावन्न वर्षांचा, अमेरिकेतील छायाचित्रणाचा जणू कुलगुरू. एका लेखकाने लिहिले की, याच्या चित्रांतले सामर्थ्य समोर बसणाऱ्या माणसांवर त्याची जी मोहिनी पडते तिच्यामुळे आहे. म्हातारा चिडला. चाळीस वर्षे केलेले काम काय माणसांना भारून केले? बरे, मग ज्याला भारता येत नाही, बसवता येत नाही, ‘जरा उजवीकडे वळा’ असे सांगता येत नाही, असा विषय घेऊ. १९२२ च्या उन्हाळ्यात लेक जॉर्ज येथील आपल्या घरी त्याने कॅमेरा आकाशाकडे रोखला. ढग सर्वांचे; त्यांवर कर नाही आणि तिकीटही नाही, असे तो म्हणे.

हा हट्ट दहा वर्षांवर चालला आणि दोनशेवर ढगचित्रे झाली. त्यांतली कित्येक अशी आहेत की वर कोणते, खाली कोणते, हे कळत नाही. क्षितिज नाही, झाड नाही, घर नाही. त्याने त्यांना ‘समतुल्य’ अशा अर्थाचे नाव दिले. म्हणजे मनातील एखाद्या भावाच्या तोलाचे चित्र. कुणाला ही भाषा भारी वाटेल. मला त्यातला साधा व्यवहार आवडतो. माणसावर आरोप आला की तो बहुधा उत्तर लिहितो. याने उत्तर म्हणून स्वतःची परीक्षा घेतली, आणि तीही सर्वांत कठीण प्रश्नपत्रिका मागून.

वेस्टनची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियातील कार्मेल गावी एडवर्ड वेस्टनने १९३० साली भोपळी मिरचीचा नाद घेतला. ऑगस्टच्या चार-पाच दिवसांत मिरच्यांच्या तीसेक काचा केल्या. मिरची कुठे ठेवली तर तिचे अंग उजळेल? पांढऱ्या कापडापुढे ठेवून पाहिली, पुठ्ठ्यापुढे पाहिली आणि शेवटी पत्र्याच्या एका नरसाळ्यात आडवी बसवली. नरसाळ्याच्या आतल्या अंगावरून परतलेला उजेड मिरचीच्या प्रत्येक वळणावर पडला आणि ‘मिरची क्रमांक ३०’ हे जगप्रसिद्ध चित्र झाले. पाठमोऱ्या, गुंतलेल्या मल्लासारखी ती मिरची दिसते. आपण चित्र पाहून थक्क होतो, पण नावातला आकडा वाचत नाही. त्या आकड्यात सगळा इतिहास आहे. तिसावी मिरची साधली, ती आधीच्या एकोणतीस मिरच्यांनी साधून दिली.

आतापर्यंतचे पाठ वाचून कुणी म्हणेल, की ठीक आहे, हे रिकामपणचे उद्योग आहेत; कपबशीने आणि मिरचीने कुणाचे काय बिघडते? त्याला मी ऑगस्ट झांडर याची हकीकत सांगेन. १८७६ साली जर्मनीतील खाणकामगारांच्या वस्तीत हा जन्मला, स्वतःही खाणीत राबला आणि पुढे कोलोनला त्याने फोटोचा स्टुडिओ काढला. पोटासाठी वेस्टरवाल्डच्या शेतकऱ्यांची चित्रे काढीत खेडोपाडी हिंडताना त्याच्या मनात एक प्रचंड संकल्प उभा राहिला: आपल्या काळच्या जर्मन समाजाची माणसांगणिक चित्रे काढायची. शेतकरी, कारागीर, स्त्रिया, धंदे आणि दर्जे, कलावंत, महानगर आणि अखेरचे म्हणजे आंधळे, आजारी, टाकलेले लोक. असे सात विभाग त्याने पाडले.

नियम साधाच होता. माणूस आपल्या जागी, आपल्या कपड्यांत, आपल्या आवडीच्या ढबीने उभा राहील आणि कॅमेऱ्याकडे पाहील. छायाचित्रकार त्याला हसवणार नाही, सजवणार नाही. पातेले घेतलेला गुबगुबीत मिठाईवाला, खांद्यावर विटांचा भार घेतलेला गवंड्याचा गडी, नाचाला निघालेले काठीधारी तीन तरुण शेतकरी, कारखानदार, बेकार मजूर, सर्वांना एकच माप. १९२९ साली यांतल्या साठ चित्रांचे पुस्तक निघाले. १९३६ साली नाझी राजवटीने त्याचे ठसे नष्ट केले. एका साच्यातला जर्मन चेहरा जगाला दाखवू पाहणाऱ्या सत्तेला साठ निराळे चेहरे सोसवणार कसे?

झांडर थांबला नाही. छळ सोसणाऱ्या कोलोनच्या ज्यू लोकांना ओळखपत्रासाठी छायाचित्रे लागत. त्या वेळी काढलेल्या चित्रांची त्याने आपल्या संकल्पात वेगळी वही केली. त्याच संकल्पात नाझी सैनिकही आहे. थोरला मुलगा एरिक डाव्या विचारांचा म्हणून १९३४ साली तुरुंगात पडला आणि १९४४ साली, शिक्षा संपत आली असता, तेथेच मेला. बापाने मुलाच्या मृत मुखाच्या साच्याचे छायाचित्र काढले आणि तेही आपल्या वहीत, अखेरच्या माणसांत, ठेवले. युद्धात वाचलेल्या काचांपैकी सुमारे तीस हजार १९४६ साली तळघराच्या आगीत गेल्या. १९६४ साली तो वारला तेव्हा संकल्प अपुराच होता. ठरवलेल्या नियमाने पाहत राहणे ही गोष्ट निरुपद्रवी नाही. घरचा माणूस आणि शत्रूचा माणूस एकाच अंतरावरून पाहण्याची सवय डोळ्याला लागली की तो डोळा सहजासहजी खोटे पाहू शकत नाही. आणि असा डोळा काही लोकांना अडचणीचा होतो.

या सर्वांची मांडणी केली तर मला तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की प्रत्येकाने काहीतरी टाकून दिले. स्टायकनने विषय टाकला, तेव्हा त्याला प्रकाश मिळाला. स्टीग्लिट्झने माणूस टाकला, फाळक्यांनी गोष्ट टाकली आणि काळ धरला. झांडरने आपली आवडनिवड टाकली. आपण छंद वाढवतो तो जमवून: आणखी एक भिंग, आणखी एक सहल. त्यांनी वाढवला तो वजा करून. दुसरी गोष्ट अशी की नियम आधी ठरला आणि मग मोडला नाही. काय टिपायचे, कुठून टिपायचे आणि कुठवर टिपायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ नाहीत त्याच्याजवळ नुसता उत्साह आहे, आणि उत्साह तिसऱ्या आठवड्यात ओसरतो. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे: त्यांनी आपली चित्रे शेजारी शेजारी मांडून पाहिली. अत्जेच्या वह्या, झांडरचे विभाग, वेस्टनचे क्रमांक हे सारे मांडण्याचे प्रकार आहेत. एक चित्र आपल्याला खूश करते. दहा एकाजातीची चित्रे ओळीने मांडली की ती आपल्याला शिकवू लागतात, कारण मग कोणत्या चित्रात आपण पाहिले आणि कोणत्यात नुसते बटन दाबले, हे लपत नाही.

आज अडचण इतकी नाहीशी झाली आहे की ईस्टमनलाही नवल वाटावे. दिवसाकाठी शंभर चित्रे घेणारी माणसे मी पाहतो आणि त्यांतले एकही ते पुन्हा उघडत नाहीत. त्यांना मी कॅमेरा बदलायला सांगत नाही; हातात आहे तो पुरेसा आहे. फक्त एक आडकाठी घालून घ्या. दारातला पिंपळ किंवा नाक्यावरचा गुलमोहर घ्या आणि पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, एकाच पायरीवर उभे राहून, आठवड्यातून एकदा टिपा. चैत्रातली तांबूस पालवी आणि श्रावणातला काळसर हिरवा यांत किती पायऱ्या आहेत हे बावन्न चित्रांनी कळेल. किंवा आपल्या पेठेतले हातावर पोट असणारे कारागीर घ्या: कल्हईवाला अजून येत असेल तर तो, चाव्या करणारा, गादी पिंजणारा, पादत्राणे शिवणारा, त्यांना विचारून, नाव लिहून घेऊन, त्यांच्याच जागी, एकाच अंतरावरून. काही वर्षांनी ती चित्रे पेठेचा दप्तरखाना होतील. यांतले काहीच जमण्यासारखे नसेल तर स्वयंपाकघरातला एक पितळी तांब्या घ्या आणि त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन कसे चालते ते तासातासाला टिपून पहा. खर्च शून्य आहे. चिकाटी तेवढी स्वतःची घालावी लागेल.

ही चित्रे कदाचित कुणी पाहणार नाही. बेंटलीच्या शेजाऱ्यांनाही त्याच्या काचांचे फारसे कौतुक नव्हते. परंतु वर्ष संपल्यावर पिंपळाखालून जाताना आपली पावले आपोआप मंद होतील, उजेड आज कुठून येतो आहे हे मान वर न करताच कळेल. रियाज गळ्यात उतरला की गवय्याला सूर शोधावा लागत नाही, तो लागतो. डोळ्याचेही तसेच आहे.